संकल्प आणि पाऊल

मनुष्य आपल्या देहाचा धनी आहे, मनात येईल तेव्हा तो हात उचलतो आणि मनात येईल तेथे पाऊल टाकतो, ही समजूत आपल्या व्यवहारात इतकी खोल मुरलेली आहे की, न्यायालयांचे निवाडे, धर्मशास्त्रातील प्रायश्चित्ते, शाळेतल्या छड्या आणि घरातली बोलणी ही सगळी तिच्याच आधारावर उभी असूनही तो आधार एकदा ठोकून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पाणी सांडले की मूल म्हणते, 'पेला पडला'. आई म्हणते, 'पडला कसला, तू पाडलास'. आणि कर्तृत्वाचा हा जो वाद स्वयंपाकघरात पहिल्यांदा उभा राहतो, त्याचा निकाल पुढे जन्मभर आईच्याच बाजूने लागत जातो. जीव अकर्ता आहे, असे वेदान्ती मंडळी प्रवचनात सांगतात खरे. पण प्रवचन आटोपून बाहेर पडताना कोणी पायावर पाय दिला तर त्या अकर्त्या जिवावर तीही रागावतातच. या निकालाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार ज्यांना खरोखर पोहोचतो असा माणसांचा एक लहानसा वर्ग आहे, आणि त्याची कैफियत आपल्या तत्त्वचर्चेत कोणी फारशी दाखल करून घेतलेली नाही, म्हणून ती येथे मांडावयाची आहे. हा वर्ग म्हणजे अनुमस्तिष्काच्या विकाराने, ज्याला वैद्यक अटॅक्सिया म्हणते त्या व्याधीने, ग्रासलेल्या माणसांचा.

अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, कवटीच्या मागच्या बाजूस अगदी तळाशी, मानेच्या वर असतो. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या एक दशांशाच्या आसपास. परंतु माणसाच्या मेंदूत ज्या सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात, त्यांपैकी ६९ अब्जांच्या घरातील पेशी या एवढ्याशा जागेत दाटीवाटीने नांदतात. एवढी वस्ती तेथे कशासाठी, या प्रश्नाचे पहिले धड उत्तर फ्रान्समधील प्येर फ्लुरांस याने १८२४ साली दिले. कबुतरांच्या मेंदूतील हा भाग त्याने थराथराने काढून पाहिला (प्रयोग क्रूर होता, हे सांगितलेच पाहिजे), आणि त्यास असे आढळून आले की, पक्षी आंधळा होत नाही, बहिरा होत नाही, लुळाही पडत नाही. मात्र उडणे, चालणे, उभे राहणे या गोष्टींस अवयवांचा परस्परांशी जो मेळ लागतो तो नाहीसा होतो. बळ शाबूत, इच्छा शाबूत आणि तरी क्रिया फसलेली, अशी ही स्थिती. आणि ज्या दर्शनकारांनी इच्छा, प्रयत्न आणि क्रिया यांची साखळी मोठ्या काटेकोरपणे जोडून दिली, त्यांना या कबुतरापुढे क्षणभर थांबावे लागले असते, असे मला वाटते.

पेशवाईच्या दप्तराशी ज्यांचा थोडा परिचय आहे, त्यांना या अवयवाचे काम समजावयास जड जाणार नाही. हुकूम सुटतो तो मोठ्या मेंदूकडून. पण त्या हुकुमाची एक नक्कल त्याच क्षणी या फडणिसाकडे रवाना होते, आणि स्नायू, सांधे, डोळे, कानातील तोलाचे इंद्रिय यांच्याकडून अंमल कसा होत आहे याची खबरही त्याच्याकडेच येते. हुकूम आणि अंमल यांची रुजवात तो घालतो, तफावत दिसली की दुरुस्तीचा शेरा मारतो, आणि वर्षानुवर्षे अशा रुजवाती घालून त्याचा हात इतका बसलेला असतो की, चूक घडण्याच्या आधीच ती कोठे घडेल हे ओळखून तो बंदोबस्त करून ठेवतो. धन्याला यातले काही कळतही नाही. येथल्या मुख्य पेशींचे वर्णन यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये केले, म्हणून त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांतील एकेका पेशीकडे लाखाहून अधिक ठिकाणांहून संदेश येऊन पोहोचतात. या पेशी झिजू लागल्या म्हणजे कारभार बंद पडत नाही; हुकूम सुटतच राहतात, शिपाई धावतच राहतात, रुजवात घालणारा तेवढा कोणी उरत नाही. मग पेल्याकडे निघालेला हात पेल्याच्या पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. पाय एकमेकांपासून रुंद अंतर ठेवून पडतात. शब्द एकेका अक्षरात सुटून बाहेर येतात. आणि तळहात भराभर उलटसुलट करून दाखवा असे डॉक्टरांनी सांगितले, तर ती साधी गोष्ट काही केल्या लयीत येत नाही.

पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूस गोळी लागून अनुमस्तिष्क जखमी झालेले सैनिक मोठ्या संख्येने ब्रिटिश लष्कराच्या रुग्णालयांत आले, आणि गॉर्डन होम्स या डॉक्टराने त्यांच्या हालचाली इतक्या बारकाईने टिपून ठेवल्या की, १९१७ साली प्रसिद्ध झालेला त्याचा तो निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. पुढे १९३९ साली लिहिताना त्याने आपल्या एका रोग्याचे म्हणणे नमूद केले आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मला ते सगळ्या मोजमापांहून मोलाचे वाटते. त्या रोग्याच्या उजव्या अंगास बाधा झाली होती. त्याने सांगितले ते असे की, डाव्या हाताच्या हालचाली आपसूक होऊन जातात, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. वळावयाचे झाले तर मध्येच तो ठप्प होतो आणि पुढे काय हे मनाशी ठरवल्याखेरीज त्याला पुन्हा सुरुवात करता येत नाही.

आपल्या नीतिशास्त्राने विचारपूर्वक केलेल्या कृतीस नेहमी वरचे आसन दिले आहे. जी कृती जाणून केली ती माझी, जी नकळत झाली ती यंत्राची, असा विभाग आपण करतो, आणि स्वातंत्र्याचा वास पहिल्या विभागात आहे असे मानतो. या रोग्याच्या दोन हातांकडे पाहिले म्हणजे हा विभाग उलटा होतो. ज्या हाताच्या हालचालीत त्याचा विचार पावलोपावली हजर आहे तो हात परतंत्र आहे; आणि ज्या हाताकडे तो ढुंकूनही पाहत नाही तोच त्याच्या इच्छेप्रमाणे वागतो. म्हणजे आपण ज्याला माझे कर्तृत्व म्हणतो ते बहुतांशी आपल्या गैरहजेरीत चालणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभे असते, आणि ते श्रम थांबले की संकल्प, कितीही प्रामाणिक आणि कितीही दृढ असला तरी, एक पेला पाणी ओठापर्यंत आणण्यासही पुरा पडत नाही. संकल्पाच्या सामर्थ्यावर व्याख्याने देणाऱ्यांनी हा अनुभव ऐकून ठेवण्यासारखा आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: ज्यात ते घडते तो देह, करणारा जीव, निरनिराळी साधने म्हणजे इंद्रिये, त्यांमागील नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव; आणि एवढी पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याची समज अजून कच्ची आहे, असा निर्वाळाही तेथेच दिलेला आहे. शंकराचार्यांनी चेष्टा म्हणजे प्राण, अपान इत्यादी वायूंचे व्यापार असे म्हटले, आणि ज्ञानेश्वरांनी या पाचांचा ऊहापोह आपल्या नेहमीच्या ऐसपैस रीतीने केला. माझ्या ऐकण्यात जे प्रवचनकार आले ते देहावर बोलतात, जिवावर बोलतात, दैवावर तर फारच बोलतात. पण चौथे कारण बहुधा एका वाक्यात उरकून पुढे जातात, आणि त्यात त्यांचा दोषही नाही, कारण धडधाकट माणसाला ते दिसतच नाही. अटॅक्सियात नेमके हे चौथे कारण निखळते आणि बाकीची चार जागच्या जागी राहतात. व्यासांना अनुमस्तिष्क ठाऊक होते असे मला येथे सुचवावयाचे नाही. तसे सुचवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, आणि त्यांच्या पंक्तीस बसण्याची मला हौस नाही. इच्छा आणि क्रिया यांच्यामध्ये एक मधला प्रदेश आहे व तो जिवाच्या मालकीचा नाही, एवढे व्यासांनी केवळ विचाराने ओळखले होते, हेच पुष्कळ झाले.

याच व्याधीच्या आणखी एका लक्षणावरून एखाद्या कीर्तनकाराला उत्तम दृष्टान्त सुचेल, अशी मला भीती वाटते. रोग्याचा हात मांडीवर विसावलेला असतो तोवर शांत असतो. काही घ्यावे असा हेतू उत्पन्न होताच तो कापू लागतो, आणि लक्ष्य जसजसे जवळ येते तसतसा कंप वाढत जातो. फळाची आशा धरली की हात कापतो, आशा सोडली की स्थिर होतो, तेव्हा पाहा निष्काम कर्मयोगाची थोरवी, असे म्हणणे किती सोपे आहे! पण ज्याला तहान लागली आहे त्याची पाण्याविषयीची इच्छा ही आसक्ती नव्हे, आणि दुसऱ्याच्या व्याधीतून आपल्या श्रोत्यांसाठी बोधाची सामग्री काढणे यात काही तरी असभ्य आहे. धर्मचिंतनाला पहिला संयम येथे पाळावा लागतो.

माझे एक वडीलधारे स्नेही आहेत. त्यांना सगळेजण नाना म्हणतात. मामलेदार कचेरीत ते अव्वल कारकून होते, आणि त्यांचे अक्षर असे होते की, त्यांच्या हातचा कागद वर गेला तर साहेब मजकुराआधी अक्षर पाहत. पन्नाशीच्या सुमारास त्यांचा तोल जाऊ लागला. आज ते घरात भिंतीच्या कडेने चालतात, आणि त्या भिंतीवर खांद्याच्या उंचीस त्यांच्या तळव्याचा एक काळसर पट्टा बैठकीच्या खोलीपासून मोरीपर्यंत उमटलेला आहे. चहा त्यांना अर्धा कप लागतो. भूक कमी म्हणून नव्हे, भरलेला कप ओठापर्यंत पोहोचेतो अर्धाच उरतो म्हणून. सदऱ्याच्या गुंड्या जाऊन तेथे चिकटपट्टी आली आहे. कोणी हाक मारली तर ते डोळे न वळवता सगळी मान वळवून पाहतात, कारण त्यांच्या डोळ्यांची चाल मंदावली आहे. वर्तमानपत्राची एक ओळ संपवून दुसरीच्या आरंभाशी येणे हा त्यांस लांबचा प्रवास होतो. भर दुपारी बाजारात एकदा कोणीतरी त्यांच्याकडे पाहून नाकाला रुमाल लावला. त्यावर ते मला म्हणाले, "अहो, आळ आला त्याचे काही नाही. जन्मात एक थेंबही न घेता नुसता आळ पदरी आला, याचे वाईट वाटते." पाहणाऱ्याचे डोळे चुकले नव्हते; दारू अनुमस्तिष्कावरच अंमल करते, आणि झिंगलेल्या माणसाची चाल ही काही घटकांपुरती आलेली अटॅक्सियाच असते. चुकले ते अनुमान. वाकडी चाल म्हणजे वाकडी वागणूक, हा जो न्याय आपण नकळत लावतो, त्याची मुळे शोधू गेल्यास ती थेट धर्मकल्पनेपर्यंत जातील.

एकदा पेन्शनच्या कामासाठी मी नानांच्या बरोबर बँकेत गेलो होतो. त्यांनी सही केली. या व्याधीत अक्षरे मोठी आणि विखुरलेली होत जातात, तशी ती सही चौकट ओलांडून गेली. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. "काका, सही जुळत नाही. पूर्वीसारखी करा ना." नाना म्हणाले, "बाळ, पूर्वीसारखी आली असती तर तुझ्यापर्यंत भिंती धरत कशाला आलो असतो?" अखेर अंगठा घ्यायचे ठरले. ज्या माणसाने निरक्षर कुळांचे शेकडो अंगठे स्वतःच्या देखरेखीखाली कागदावर उमटवून घेतले आणि त्यांखाली आपली दस्तुर खुद्द सही केली, त्याचा डावा अंगठा मुलाने शाईच्या डबीत दाबला. सही हा मनुष्याच्या संकल्पाचा पुरावा आहे म्हणून कायदा ती मागतो. नानांच्या सहीत संकल्प पुरेपूर होता, ती नामंजूर झाली. अंगठ्यावरच्या रेषांत संकल्पाचा लवलेशही नाही, त्या जन्माआधीच गर्भात उमटतात, आणि त्या मंजूर झाल्या. बँकेचे काही चुकले असे मी म्हणत नाही. परंतु 'मी' म्हणजे नक्की काय, याविषयी आपल्या कचेऱ्यांचे तत्त्वज्ञान किती अंदाजपंचे आहे, ते त्या शाईच्या डबीपाशी मला दिसले.

नानांचे वडीलही उतारवयात भिंत धरूनच चालत. तेव्हा व्याधीला नाव नव्हते. 'वात आहे' म्हणत. आता नाव मिळाले आहे, तरी आप्तेष्टांचा पहिला सल्ला बदललेला नाही: पितृदोष आहे, त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण-नागबळी करून या. असा सल्ला देणाऱ्यांचा हेतू मी वाईट समजत नाही. निष्कारण दुःख हे सकारण दुःखापेक्षा सोसण्यास कठीण असते, आणि कर्मविपाकाचा सिद्धांत निदान कारण तरी देतो. पण ते कारण टिकते का, हे पाहावयास हवे. चरकाने स्पष्ट सांगितले आहे की, बीजाच्या ज्या भागास उपताप झाला असेल त्या भागापासून होणारा अवयव विकृत होतो. म्हणजे आनुवंशिक व्याधीचा खुलासा देताना त्या जुन्या वैद्याने जन्मांतराकडे धाव न घेता बीजाकडे पाहिले. पाली संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की, माणसाला जे काही भोगावे लागते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, हे खरे काय? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम आहारविहार, आघात अशी सात कारणे आधी सांगून कर्मविपाकास आठवे स्थान देतो, आणि सगळेच पूर्वकर्मावर ढकलणारे लोक प्रत्यक्ष अनुभव ओलांडून जातात असे बजावतो. आणि १९५७ साली, आपल्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी तर या वादाच्या मर्मावरच बोट ठेवले. आनुवंशशास्त्र म्हणते, मूल आपले गुणदोष आईबापांकडून आणते. पूर्वकर्माचा सिद्धांत म्हणतो, आईबाप देहापलीकडे काही देत नाहीत, मूल आपला सगळा वारसा आपणच आपल्यासाठी घेऊन येते. दोन्ही एकदम खरे कसे असावे?

नानांच्या घरात जी व्याधी आहे तिचा या प्रांताशी जवळचा संबंध आहे. मंद डोळ्यांची ही आनुवंशिक अटॅक्सिया हा एक निराळाच प्रकार आहे, हे मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी नऊ कुटुंबांच्या तपासणीवरून १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात दाखवून दिले. तिचा जनुक पुढे पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, हाती लागला. त्या जनुकात सीएजी ही तीन रसायनाक्षरांची मालिका पुन्हा पुन्हा येते. बहुतेकांत ती बावीस वेळा असते, तेहतीस किंवा अधिक वेळा झाली की व्याधी जडते. आईबापांपैकी एकाला ती असेल तर प्रत्येक अपत्याला ती मिळण्याचा संभव निम्मा. आणि बीजाची नक्कल होताना, विशेषतः पित्याकडून, ही मालिका लांबत जाण्याकडे कल असतो. मालिका जितकी लांब तितकी व्याधी लवकर येते. आता पूर्वकर्माच्या अभिमान्याने मला सांगावे की, आजोबांपेक्षा मुलाचे आणि मुलापेक्षा नातवाचे गतजन्मीचे पाप दर पिढीस वाढत जाते, आणि त्याची मोजणी सीएजीच्या संख्येने होते, असे मानावयाचे काय? जीव आपल्या कर्माला साजेसे कूळ निवडून जन्म घेतो, हे यावरचे ठरीव उत्तर मला ठाऊक आहे. ते खोटे ठरवता येत नाही. पण जे कोणत्याही परिस्थितीत खोटे ठरू शकत नाही त्याच्या आधारे एखाद्या जिवंत माणसाला गुन्हेगार ठरवण्याचा हक्क कोणाला पोहोचत नाही. एखाद्या रोग्याने 'माझे प्रारब्ध' असे स्वतःपुरते म्हणून मन शांत केले तर त्याला हात लावू नये. तेच वाक्य दुसऱ्याने त्याच्या तोंडावर उच्चारले की तो सिद्धांत राहत नाही, तो आरोप होतो, आणि आरोपाला पुरावा लागतो.

नानांचा मुलगा तिशीत आहे, आणि रक्त तपासून घ्यावे की घेऊ नये हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे. ज्ञान हे सर्व परिस्थितीत अज्ञानाहून श्रेष्ठ, असे आपण शिकत आलो. पण ज्या ज्ञानाने व्याधी टळत नाही, फक्त तिची छाया वीस वर्षे आधी अंगावर पडते, ते ज्ञान श्रेष्ठ कशावरून? येथे मला सावित्रीची कथा आठवते, आणि आपण ती फार घाईने पतिव्रतेच्या खात्यावर जमा करून टाकली असे वाटते. नारदाने वर्षाची मुदत सांगितल्यावरही तिने सत्यवानाला वरले. म्हणजे तिने जाणून निवड केली. पण महाभारतकार एक गोष्ट न बोलता करून जातात: ज्याच्या आयुष्याची ती मुदत होती त्या सत्यवानाला ती कोणी सांगत नाही. तो वर्षभर लाकडे तोडतो, हसतो, संसार करतो. वरणारीला जाणण्याचा हक्क आहे आणि ज्याचे त्याला न जाणण्याचाही आहे, अशी दुहेरी तरतूद या कथेत आहे, आणि आजचे वैद्यकही जवळजवळ तेथेच येऊन थांबले आहे: अशी तपासणी सज्ञान माणसाने, समुपदेशकाशी सविस्तर बोलून, स्वतःच्या इच्छेने करावी, अजाण मुलांची करू नये. आपल्या घरांतून मात्र सोयरीक जमवताना नेमकी उलट रीत चालते. समोरच्या घरापासून व्याधी लपवली जाते, आणि मुलाला नातेवाईक रोज न चुकता तिची आठवण देतात.

देह डळमळला तरी बुद्धी अढळ आहे, असे सांत्वन या रोग्यांना पुष्कळदा दिले जाते, आणि बहुतांशी ते खरेही असते. परंतु त्यावर फार भार टाकण्यात धोका आहे. बोस्टनचे जेरेमी श्मामन यांनी १९९८ साली दाखवून दिले की, अनुमस्तिष्काची झीज हालचालीपुरती मर्यादित राहत नाही; आखणी करणे, नेमका शब्द सापडणे, भावनेला आवर घालणे यांवरही तिचा परिणाम होऊ शकतो. नाना हल्ली चटकन चिडतात, आणि चिडल्यावर स्वतःच ओशाळतात. रोग्याचा मान त्याच्या शाबूत बुद्धीवर उभा केला तर बुद्धीला धक्का लागताच मानही जावयाचा. सांख्यांनी या बाबतीत आपल्या सांत्वनकारांपेक्षा अधिक कडक विचार केला होता: मन, अहंकार आणि बुद्धी या तिन्हींस त्यांनी प्रकृतीच्या सदरात टाकले आणि पुरुषाला त्यांच्याही पलीकडे ठेवले. तो पुरुष मी पाहिला आहे असा माझा दावा नाही. पण मनुष्याचे मोल त्याच्या एखाद्या चालत्या शक्तीवर टेकवू नये, ही जी दक्षता त्या विचारात आहे, ती रोग्याच्या खाटेपाशी उभे राहिल्यावर मला फार पटते.

मग रोग्याच्या हाती काही उरते की नाही? टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य हे दोन विषय एकाच प्रकरणात घेतले, आणि बंधन मान्य करूनही प्रयत्नाला जागा ठेवली. ती जागा किती रुंद आहे याबद्दल मतभेद होतील, ती आहे याबद्दल नानांचा तरी मतभेद नाही. तोल आणि समन्वय यांचे व्यायाम नेमाने केले तर चालणे सुधारते, सोडले तर कमावलेले जाते, एवढे आता पक्के समजले आहे. रोज सकाळी गॅलरीचा कठडा धरून ते टाचेपुढे टाच ठेवत चालतात. वळणाशी येताच थांबतात, दोन्ही पावले जुळवतात, क्षणभर काही मनाशी योजतात, आणि मग वळतात. होम्सच्या त्या रोग्याने सांगितले होते तसेच. वळणे त्यांच्या मर्जीचे नाही, थांबणे आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी, शेजारी अथवा कचेरीत असा माणूस येईल, तेव्हा त्याला घाई करू नये, त्याचे अर्धवट वाक्य आपण पुरे करू नये, आणि दंड पकडून ओढण्याऐवजी आपला खांदा पुढे करून कोणत्या बाजूने धरू असे विचारावे. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. मज्जाविकारांच्या सदरात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, अटॅक्सियाचे नाही. तेव्हा दाखल्याच्या कामी कोणी सोबत गेले तर उपकार होतात. आणि एक गोष्ट आधी करावी. सगळ्याच अटॅक्सिया वंशपरंपरेने आलेल्या नसतात, आणि सगळ्या असाध्यही नसतात: ई जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, मद्य, अपस्मारावरील काही औषधांची वाढलेली मात्रा यांनीही तोल जातो, आणि यांतील कित्येक कारणे वेळीच सापडली तर आवरता येतात. घरात कोणाचे पाऊल डळमळू लागले असेल तर पहिली खेप मेंदूविकारतज्ज्ञाकडे घाला. त्र्यंबकेश्वर त्यानंतरही आहेच.